धर्ममत जाहीरपणे मांडण्याचा हक्क कुठे संपतो?

सार्वजनिक जीवनात धर्माविषयी बोलावे की नाही, हा वाद आपल्याकडे दोन ठरावीक वाक्यांच्या पलीकडे क्वचितच जातो. एखाद्या लोकप्रतिनिधीने धर्मग्रंथाचा आधार घेऊन आपल्या धोरणाचे समर्थन केले किंवा एखाद्या विद्यार्थिनीच्या पोशाखातून तिचा धर्म दिसला, की एक पक्ष म्हणतो, 'धर्म ही खासगी बाब आहे, ती घरात ठेवा.' कुणी त्याच धर्मग्रंथाची परखड चिकित्सा केली, की दुसरा पक्ष म्हणतो, 'आमच्या श्रद्धेवर बोलण्याचा तुम्हाला अधिकार नाही.' ही वाक्ये परस्परविरोधी आहेत असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात दोन्हींची मागणी एकच आहे, ती म्हणजे समोरच्याने गप्प बसावे. शिवाय बोलणारा कोणत्या धर्माचा आहे हे बदलले की हे दोन्ही पक्ष आपापल्या वाक्यांची बिनदिक्कत अदलाबदल करतात, आणि काल 'घरात ठेवा' म्हणणारा आज 'आमच्या भावना दुखावल्या' म्हणू लागतो. अशा वादातून तत्त्व निघणे अवघडच आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. धर्ममत जाहीरपणे मांडण्याचा, त्याच्या आधारे सार्वजनिक प्रश्नांवर बोलण्याचा, त्याची खूण अंगावर वागवण्याचा आणि ते दुसऱ्याला पटवू पाहण्याचा हक्क प्रत्येकाला असला पाहिजे. त्या मताचे वाभाडे काढणाऱ्याला, तो धर्म सोडून जाणाऱ्याला आणि कोणताच धर्म न मानणाऱ्यालाही तो त्याच मापाने मिळाला पाहिजे. मर्यादा दोनच ठिकाणी घालाव्यात. एक, बोलणाऱ्याच्या पाठीशी सत्तेचे बळ उभे असते तिथे. आणि दोन, मतावरचा हल्ला माणसांवरचा हल्ला होतो तिथे. घर आणि चौक यांच्यामध्ये रेषा ओढून हा प्रश्न सुटणार नाही. ऐकणाऱ्याला काहीही न गमावता उठून जाता येते का, आणि उलट उत्तर देता येते का, हे विचारले तर बरीचशी प्रकरणे निदान समजू तरी लागतात.

'धर्म खासगी ठेवा' या मताची सर्वांत भक्कम बाजू अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी मांडली आहे. कायदा सर्वांना बांधतो. ज्याला तो पटला नाही त्यालाही दंड भरावा लागतो किंवा तुरुंगात जावे लागते. मग त्या कायद्याच्या समर्थनार्थ दिलेली कारणे सर्वांना तपासता येतील अशी असावीत, ही अपेक्षा रास्त आहे. 'माझ्या ग्रंथात असे लिहिले आहे' हे कारण त्या ग्रंथावर श्रद्धा नसलेल्या नागरिकाला तपासता येत नाही. त्याला फक्त मान तुकवता येते. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि कायदा करणाऱ्या सभागृहाने किंवा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने अखेरचे समर्थन म्हणून धर्मवचन पुढे करू नये, हेही मला मान्य आहे. मात्र या आक्षेपाचा पल्ला तेवढाच आहे. नागरिकाने नागरिकाशी काय बोलावे, हे त्यातून ठरत नाही. खुद्द रॉल्स यांनीही पुढे आपली अट सैल केली आणि सार्वजनिक चर्चेत धार्मिक कारणे आणायला हरकत नाही, फक्त यथावकाश सर्वांना तपासता येतील अशी कारणेही द्यावीत, असे म्हटले.

ही सैल केलेली अटसुद्धा व्यवहारात कशी पाळली जाते, हे पाहायचे तर १९६३ सालचे अमेरिकेतील बर्मिंगहॅम आठवावे. मार्टिन ल्यूथर किंग तिथल्या तुरुंगात होते आणि अलाबामातील आठ धर्मोपदेशकांनी त्यांच्या वर्णभेदविरोधी आंदोलनाला अविचारी आणि अकाली ठरवले होते. किंग यांनी तुरुंगातून दिलेले उत्तर उघडउघड धार्मिक आहे. अन्याय्य कायदा हा कायदाच नव्हे, हे सांगताना ते संत ऑगस्टिन आणि थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकांचा आधार घेतात. पण तिथेच न थांबता ते अशीही कसोटी देतात की, ज्या अल्पसंख्याकांना मतदानच करू दिले गेले नाही त्यांच्यावर बहुसंख्याकांनी लादलेला कायदा अन्याय्य असतो. ही कसोटी समजायला ख्रिस्ती असावे लागत नाही. धर्म घरी ठेवून या, असे कुणी किंग यांना बजावले असते तर त्या लढ्यातून नेमके काय उरले असते? आणि बजावणारे होते कोण? आंदोलकांची वेळ चुकली म्हणणारे ते आठ जण स्वतःच धर्मगुरू होते.

यावरचा प्रतिवाद मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. धर्माचा आधार फक्त मुक्तिदात्यांनी घेतला नाही, तर गुलामांच्या मालकांनीही घेतला. गुलाम बाळगणाऱ्यांना धर्मप्रचारक म्हणून पाठवावे की नाही, या प्रश्नावर अमेरिकेतला बॅप्टिस्ट हा प्रॉटेस्टंट पंथ फुटला आणि १८४५ साली दक्षिणेकडच्यांनी आपली वेगळी संघटना उभी केली. दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात आणि एकाच देवाची प्रार्थना करतात, असे लिंकन यांनी १८६५ साली दुसऱ्यांदा शपथ घेताना म्हटले, त्यात अतिशयोक्ती नव्हती. आपल्याकडे अस्पृश्यतेच्या समर्थनासाठी शास्त्राधार काढणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. म्हणून काय सिद्ध होते? धर्मवचन हा एखाद्या मागणीच्या न्याय्यतेचा पुरावा नव्हे, एवढेच. हे सिद्ध झाले तेही वादातूनच. मालकांचे शास्त्रार्थ चौकात आले म्हणून त्यांना चौकात उत्तर मिळाले. ते घरातच राहिले असते तर गुलामीही घरातच राहिली असती, आणि तिथे तिला विचारणारे कुणी नव्हते.

अशा वादाचा सर्वांत चांगला नमुना आपल्याच देशात आहे आणि त्याची आठवण फार कमी वेळा काढली जाते. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला आणि हजारो माणसे मेली. त्या वेळी अस्पृश्यतेविरुद्ध देशभर दौरा करत असलेल्या गांधींनी जाहीर केले की, हा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. हेतू कितीही उदात्त असला तरी हा युक्तिवाद वाईट होता. बिहारमध्ये गाडल्या गेलेल्यांत अस्पृश्य नव्हते काय? सगळ्या देशाच्या पापाची शिक्षा एकट्या बिहारला कशी? रवींद्रनाथ टागोरांना हे सहन झाले नाही. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ते गांधींच्याच बाजूचे होते, आणि नास्तिक तर मुळीच नव्हते. तरीही त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितले की, भौतिक उत्पातांची कारणे भौतिक घटनांतच असतात आणि त्यांना माणसाच्या नीतीशी जोडणे चुकीचे आहे. त्यांचा आणखी एक मुद्दा फार मार्मिक होता. असला युक्तिवाद गांधींपेक्षा गांधींच्या विरोधकांनाच अधिक शोभणारा आहे. उद्या त्यांनी या भूकंपाचा दोष गांधींच्याच चळवळीवर टाकला तर त्यात नवल वाटायला नको.

गांधींनी हे निवेदन आपल्याच 'हरिजन' साप्ताहिकात छापले आणि सोबत आपले उत्तर दिले. त्या उत्तराने माझे समाधान होत नाही. आपली श्रद्धा सिद्ध करता येत नाही हे गांधी कबूल करतात आणि तरीही ती सोडत नाहीत. पण या प्रकरणात जे घडले नाही ते लक्षात घेण्यासारखे आहे. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी ठेवा, असे टागोरांनी म्हटले नाही. तुमचे म्हणणे खोटे आहे, असे म्हटले, आणि का खोटे आहे ते सांगितले. गांधींनीही माझ्या श्रद्धेचा अपमान झाला असा कांगावा केला नाही. देशातल्या सर्वांत प्रभावी माणसाचे धर्ममत आणि त्याचे खंडन एकाच अंकात वाचकांपुढे ठेवले गेले. पटवून घेणे न घेणे वाचकांवर सोडले. एका बाजूने मौनाची सक्ती झाली असती, तर एक तर अंधश्रद्धेला उत्तर मिळाले नसते, किंवा एका श्रद्धावान माणसाला आपल्या कृतीमागची खरी प्रेरणा लपवून बोलावे लागले असते.

आता इतिहासाचा दाखला. युरोपात धर्मयुद्धांनी रक्ताचे पाट वाहिले, म्हणून धर्म खासगी करण्यात आला आणि शांतता आली, अशी गोष्ट आपण ऐकत आलो आहोत. ती अर्धीच खरी आहे. १५५५ सालच्या ऑग्सबुर्गच्या तहाने ज्याचे राज्य त्याचा धर्म हे सूत्र मान्य केले, म्हणजे प्रजेचा धर्म राजाने ठरवायचा. फ्रान्समध्ये १५९८ साली नांतच्या आज्ञापत्राने प्रॉटेस्टंटांना दिलेली मोकळीक १६८५ साली चौदाव्या लुईने एका सहीनिशी काढून घेतली. माणसे धर्माविषयी फार बोलत होती हे त्या रक्तपाताचे कारण नव्हते. त्या बोलण्याच्या मागे तलवार उभी होती, आणि ती ज्याच्या हातात तो दुसऱ्याला बोलू देत नव्हता. रोग सत्ता आणि श्रद्धा यांच्या मिलाफात होता, म्हणून उपायही तो मिलाफ तोडण्याचाच हवा. हे पहिल्यांदा ओळखणाऱ्यांत धर्माचा तिटकारा असलेल्यांपेक्षा कडवे श्रद्धावानच अधिक होते. १६३६ साली अमेरिकेत प्रॉव्हिडन्स हे गाव वसवणारे रॉजर विल्यम्स मॅसॅच्युसेट्सच्या कर्मठ प्युरिटनांनी हद्दपार केलेले होते, आणि शासनाने धर्मात हात घातला तर धर्मच भ्रष्ट होतो, अशी त्यांची तक्रार होती. व्हर्जिनियात परवान्याविना प्रवचन केले म्हणून बॅप्टिस्ट प्रवचनकारांना तुरुंगात टाकले जाई. ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या पगारासाठी कर बसवण्याचा प्रस्ताव तिथे आला, तेव्हा १७८५ साली पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले मॅडिसन यांनी त्याविरुद्ध निवेदन लिहिले. आणि पुढच्याच वर्षी जेफरसन यांचा धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला, त्यामागे याच बॅप्टिस्टांचे बळ होते. शासनाला धर्मापासून दूर ठेवा आणि आम्हाला रस्त्यावर प्रवचन करू द्या, या दोन्ही मागण्या त्यांनी एका दमात केल्या. त्यात विसंगती नव्हती.

माझ्या भूमिकेवरचा खरा कठीण आक्षेप वेगळाच आहे. सार्वजनिक जागेत सर्वांचा आवाज सारखा नसतो. बहुसंख्याकांच्या धर्माला उत्सव, सुट्ट्या, सभागृहे आणि माध्यमे आपोआप मिळतात. अल्पसंख्याकाने तोंड उघडले तर तेवढेच कानाला टोचते. मग सर्वांना मोकळीक देणे म्हणजे प्रत्यक्षात बलवंताला मोकळीक देणे नव्हे काय? त्यापेक्षा सर्वांनीच आपापला धर्म बाहेर दाखवायचा नाही, हा नियम अधिक समान नाही काय? ही शंका उडवून लावण्यासारखी नाही. आपल्या संविधानसभेत ती एका अल्पसंख्याक सदस्यानेच बोलून दाखवली. डिसेंबर १९४८ मध्ये ताजमुल हुसेन यांनी अशी दुरुस्ती सुचवली की, धर्माचे पालन खासगीतच करावे आणि ज्यावरून धर्म ओळखता येईल असे चिन्ह, नाव किंवा पोशाख कुणीही वापरू नये. सभेने ती फेटाळली. उलट आज ज्याला आपण अनुच्छेद २५ म्हणतो त्यात धर्माच्या प्रचाराचा हक्क स्पष्ट शब्दांत आला आणि शिखांच्या कृपाणाचा उल्लेखही आला. प्रचार या शब्दाला लोकनाथ मिश्र यांच्यासारख्यांनी कडाडून विरोध केला होता. त्यावर कन्हैयालाल मुन्शी यांचे उत्तर होते की, हा शब्द नसला तरी भाषणस्वातंत्र्याच्या बळावर दुसऱ्याला आपला धर्म पटवून देण्याची मोकळीक राहणारच आहे. मुन्शी हे काही धर्मांतराचे चाहते नव्हते, म्हणून या उत्तराची किंमत अधिक.

ताजमुल हुसेन यांचा नियम स्वीकारला असता तर समता आली असती काय? मला तसे वाटत नाही, कारण असा नियम कागदावर सर्वांना सारखा असला तरी त्याचा मार कधीच सारखा बसत नाही. बहुसंख्याकांचा धर्म हळूहळू 'संस्कृती' होतो आणि संस्कृतीला नियम लागू होत नाही. मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून पाहावेत. २००१ साली जिनिव्हाच्या प्राथमिक शाळेतील एका मुस्लिम शिक्षिकेची तक्रार न्यायालयाने फेटाळली, कारण तिच्या डोक्यावरचा रुमाल हे लहान मुलांवर प्रभाव टाकणारे शक्तिशाली बाह्य चिन्ह असल्याचे मानले गेले. २०११ साली इटलीच्या सरकारी शाळांतील वर्गांच्या भिंतींवरचा क्रूस मात्र त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाला निष्क्रिय चिन्ह वाटला आणि तो राहू दिला गेला. एका बाईच्या डोक्यावरचा रुमाल बोलतो आणि शासनाने भिंतीवर टांगलेला क्रूस मुका असतो, हे कोणत्या तर्काने? माझ्या मते हे नेमके उलटे असायला हवे होते. रुमाल त्या शिक्षिकेचा होता. भिंत शासनाची होती.

कॅनडातील क्युबेक प्रांतात हाच प्रकार अधिक उघडपणे घडला. २०१३ साली तिथल्या सरकारने सरकारी नोकरांना ठळक धर्मचिन्हे वापरण्यास मनाई करणारी सनद प्रस्तावित केली, तेव्हा विधानसभेच्या सभागृहात १९३६ पासून असलेला क्रूस मात्र वारसा म्हणून राहील असे म्हटले होते. ती सनद बारगळली. २०१९ साली शिक्षक, पोलीस आणि सरकारी वकील यांना लागू होणारा कायदा झाला, तेव्हा टीकेला तोंड देताना तो क्रूस अखेर सभागृहातून हलवावा लागला. क्रूस हलवून कुणाचीही नोकरी गेली नाही. पगडी किंवा हिजाब न उतरवणाऱ्या तरुण शिक्षकाला मात्र व्यवसाय किंवा श्रद्धा यांपैकी एक निवडावे लागते. आपल्याकडेही १९९५ सालच्या निवडणूकविषयक निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिंदुत्व ही सर्वसाधारणपणे जीवनशैली समजावी असे म्हटले. ज्याचा धर्म जीवनशैली ठरतो त्याच्यावर धर्माचे निर्बंध चालत नाहीत. म्हणूनच अल्पसंख्याकांच्या भल्यासाठी सर्वांनाच गप्प करू, हा प्रस्ताव मला भाबडा वाटतो. कमी आवाजाच्या माणसाला संरक्षण हवे ते बोलण्यासाठी.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो, कारण धर्म सार्वजनिक जागेत हवा म्हणणारे बहुतेक लोक त्याची किंमत द्यायला तयार नसतात. आम्ही बोलणार, मिरवणूक काढणार, कायदाही आमच्या श्रद्धेनुसार मागणार, पण आमच्या श्रद्धेविषयी कुणी वावगे बोलायचे नाही, अशी ही भूमिका आहे. धर्ममत सार्वजनिक प्रश्नावर बोलू लागले की ते इतर मतांसारखेच एक मत होते, आणि त्याला उत्तर ऐकावे लागते. श्रद्धेचा अपमान माणसाला खोलवर झोंबतो, ती त्याच्या आई-वडिलांइतकी जवळची असते, हे मी नाकारत नाही. त्या वेदनेची टिंगल करणारे पुरोगामी मला आवडत नाहीत. पण वेदना होते म्हणून बोलणे बंद करायचे ठरवले, तर सर्वांत आधी कोणाचे तोंड बंद होईल?

डॉ. आंबेडकरांचे. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. ते धर्माविषयीचे सार्वजनिक विधान होते आणि लाखो लोकांच्या भावना त्याने दुखावल्या. पुढच्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, भाषणाचा मसुदा वाचला आणि अधिवेशनच रद्द केले. हे मंडळ सनातन्यांचे नव्हते. जातिभेद मोडायला निघालेल्या सुधारकांचे होते. त्यांनाही शास्त्रांच्या प्रामाण्यावरचा हल्ला झेपला नाही. आंबेडकरांनी भाषण स्वखर्चाने छापले, गांधींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली, आणि १९३७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी गांधींची ती टीका व आपले उत्तर दोन्ही समाविष्ट केले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये तर हिंदू देवतांना देव न मानण्याचे वचन सरळ आणि नावानिशी आहे. भावना दुखावणे हीच मर्यादा असती तर ती दीक्षा कशी झाली असती? त्या प्रतिज्ञा म्हणजे धर्मनिंदा की धर्मस्वातंत्र्य, असा प्रश्न विचारला की गडबड लक्षात येते: त्या एकाच वेळी दोन्ही आहेत. एका धर्माचा मनापासून स्वीकार हा अनेकदा दुसऱ्याचा नकार असतो, आणि तो नकार नाकारला जाणाऱ्याला बोचल्याशिवाय राहत नाही.

सत्तेच्या बळाचा प्रश्न मात्र वेगळा. शासनाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे स्वातंत्र्य त्या खुर्चीपुरते आखूड असते, आणि ती खुर्ची त्याने आपणहून घेतलेली असते. २०१५ साली समलिंगी विवाहांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिल्यावर केंटकीतील एका निर्वाचित नोंदणी अधिकाऱ्याने धर्माचे कारण देऊन विवाहाचे परवानेच द्यायचे थांबवले आणि तिला काही दिवस तुरुंगात जावे लागले. तो विवाह पाप आहे असे म्हणण्याचा तिला पूर्ण हक्क होता. दारात आलेल्या नागरिकाचा हक्क अडवण्याचा नव्हता, कारण त्या नागरिकाला उठून दुसरीकडे जा म्हणणे हेच त्याचे नागरिकत्व कमी करणे आहे. २०२२ साली त्याच न्यायालयाने सामन्यानंतर मैदानाच्या मध्यावर गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या सरकारी शाळेतील फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. सहा विरुद्ध तीन अशा या निकालातले तीन न्यायाधीश मला बरोबर वाटतात. प्रशिक्षकाची प्रार्थना त्याची स्वतःची असेल. पण संघात कोण खेळणार हे तोच ठरवतो, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला त्याच्या शेजारी गुडघे न टेकणे किती अवघड असते, हे शाळेत शिकलेल्या कुणालाही समजावे. शिक्षकाने अंगावर खूण वागवणे आणि शिक्षकाने वर्गाकडून प्रार्थना म्हणवून घेणे यांत हाच फरक आहे.

आणि खुर्चीतला माणूस जे करवून घेऊ शकत नाही, ते नाकारण्याचा हक्क समोरच्या लहानग्यालाही आहे. केरळातील यहोवाचे साक्षीदार या पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण आपल्या श्रद्धेमुळे ते गात नसत; शाळेने त्यांना काढून टाकले. १९८६ साली न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने त्यांना परत घ्यायला लावले. या मुलांची श्रद्धा मला अनाकलनीय वाटते. हक्काची परीक्षा अशाच ठिकाणी होते. श्रद्धा नसलेल्यालाही हीच कसोटी लागू पडते. १८८० साली ब्रिटिश संसदेवर निवडून आलेले नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ यांना ईश्वराची शपथ घेण्याच्या प्रश्नावरून १८८६ पर्यंत निर्वेधपणे आसन मिळाले नाही, मतदार त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले तरी. आपल्या संविधानात लोकप्रतिनिधी ईश्वरसाक्ष शपथ घेतो किंवा ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी संविधानसभेत ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी असे सुचवले, तेव्हा पूर्णिमा बॅनर्जी यांनी ईश्वराला मताला टाकण्याच्या पेचात आम्हाला पाडू नका अशी विनंती केली. मतदान झालेच, आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी सूचना पडली. विरोधी मत देणारे सगळे नास्तिक होते असे मानण्याचे कारण नाही.

ध्वनिवर्धकाच्या प्रश्नाला मी फार जागा देणार नाही. जो आवाज बंद खिडकीतून आत येतो त्यातून उठून जाता येत नाही, म्हणून तो अभिव्यक्तीचा प्रश्नच नव्हे. दुसऱ्यांच्या शांततेचा भंग करून, ध्वनिवर्धकावरून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली चेन्नईतील एका प्रकरणात म्हटले आहे. नियम सर्व धर्मांच्या भोंग्यांना एकाच मोजमापाने लावला जावा, एवढेच पाहायचे.

निवडणुकीच्या बाबतीत मात्र माझे मत अनेकांना रुचणार नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३)नुसार धर्माच्या आधारे मत मागणे हे भ्रष्ट आचरण आहे, आणि २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी ही बंदी उमेदवाराच्या धर्माबरोबरच मतदाराच्या धर्मालाही लागू केली. मी तुमच्या धर्माचा आहे म्हणून मला मत द्या, हे आवाहन रोखण्यात काही वाईट नाही. त्यात धर्ममत नसतेच, फक्त डोकी मोजलेली असतात. पण अल्पमतातल्या तिघांच्या वतीने लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड यांची हरकत मला निरुत्तर करते. ज्यांच्यावर धर्माच्या किंवा जातीच्या नावाने अन्याय झाला, त्यांनी तो अन्याय त्याच नावाने मतदारांपुढे मांडायचा नाही, तर मांडायचा कुठे? अन्याय धर्माच्या नावाने आणि गाऱ्हाणे मात्र निनावी, अशी ही व्यवस्था आहे.

राहता राहिला माणसांवरचा हल्ला. अमुक धर्म खोटा आहे, त्याचा ग्रंथ विसंगत आहे, त्याचा संस्थापक चुकला, हे सारे कितीही कडवट असले तरी मत आहे. अमुक धर्माच्या लोकांना वस्तीतून हाकला, त्यांच्याशी व्यवहार तोडा, त्यांना धडा शिकवा, हे मत नाही. आपला कायदा मात्र या दोन्हींना एकाच दावणीला बांधतो. भारतीय दंड संहितेतील धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे कलम २९५अ १९२७ साली आले ते लाहोरच्या एका पुस्तिकेवरून उठलेल्या वादळामुळे, आणि सुधारकांची प्रामाणिक टीका त्यात सापडू नये म्हणून जाणीवपूर्वक व दुष्ट हेतूची अट त्यात घातली गेली. त्या पुस्तिकेच्या प्रकाशकाची १९२९ साली हत्या झालीच. ज्या आगीवर पाणी टाकायला कायदा आणला ती त्याने विझली नाही. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने नांदते आहे. हेतूची अट खटल्याच्या शेवटी तपासली जाते आणि अटक सुरुवातीला होते, त्यामुळे निर्दोष सुटलेल्यालाही शिक्षा भोगूनच घरी यावे लागते.

हे कलम काढले तर दंगली होतील, असे सांगितले जाते, आणि या देशाचा इतिहास पाहता ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण या युक्तिवादाने बक्षीस कुणाला मिळते ते पाहा. जो समाज टीका शांतपणे ऐकून घेतो त्याच्या भावनांना कायदा विचारत नाही. जो दगड उचलतो त्याच्या भावना लगेच दखलपात्र ठरतात. म्हणजे आपण प्रत्येक समाजाला दगड उचलायला शिकवत आहोत. १९८९ साली एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे म्हटले होते की, निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा बळी देता येणार नाही आणि जमाव आवरण्याची आपली क्षमता नाही अशी सबब शासनाला सांगता येणार नाही. हा निकाल अजूनही कायद्याचा भाग आहे. त्याच्या उजेडात कलम २९९ केवळ माणसांविरुद्धच्या चिथावणीपुरते आखून घ्यावे, धर्ममताची निंदा त्यातून वगळावी आणि अशा तक्रारीवरून न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय अटक होऊ नये. धर्माला सार्वजनिक जीवनात मानाचे स्थान हवे म्हणणाऱ्यांनी ही मागणी सर्वांत आधी करायला हवी, कारण प्रवचनकाराला चौकात उभे राहता येते ते ज्या हक्काच्या बळावर, त्याच हक्काच्या बळावर त्याचा टीकाकारही तिथे उभा असतो.